नवतप्याआधी : कंप्युटरच्या लिक्विड कूलिंगची सफाई आणि निगा

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या विदर्भाच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं ही आता बातमी राहिलेली नाही. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी 40-42 अंश असतात. लगीनसराईही त्याच दिवसांत, त्यामुळे गावोगावच्या फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ रात्रंदिवस रेंडर होत असतात. अशात प्रोसेसरचा आकडा 90 ला टेकला की माणूस घाबरतो आणि लूप, म्हणजे थंड करणारं पाणी फिरतं तो बंद मार्ग, उघडून पाणी बदलायला बसतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. दोष पाण्यात नसतो, रेडिएटरच्या जाळीत असतो. आणि कधी कधी दोष कुठेच नसतो, फक्त ऊन असतं.

लिक्विड कूलिंग काही फ्रिज नाही. पाणी प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि खोलीतल्या हवेत सोडतं, एवढंच त्याचं काम. म्हणून ते पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली 25 असताना 70 दाखवणारा प्रोसेसर खोली 42 झाल्यावर 87 दाखवणारच. म्हणून नुसता आकडा पाहायचा नाही, फरक पाहायचा. फरक दोन आहेत.

पहिला, पाणी वजा खोली. दुसरा, प्रोसेसर वजा पाणी.

पहिला फरक वाढला असेल तर उष्णता पाण्यातून हवेत जात नाही. म्हणजे जाळी बुजली, पंखा मंदावला, किंवा कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर न पडता तिथेच फिरते आहे. दुसरा फरक वाढला असेल तर उष्णता प्रोसेसरमधून पाण्यातच उतरत नाही. म्हणजे वॉटर ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) बारीक फटीत काहीतरी अडकलं, त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली किंवा पंप थकला. पहिल्या फरकासाठी लूप उघडायची गरज नाही. दुसऱ्यासाठी पडू शकते, पण तिथेही आधी पेस्ट आणि पंप तपासायचा.

मोजायची पद्धत अशी. साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या ज्या बाजूने हवा आत जाते तिथे ठेवा, भिंतीवर नाही. पाण्याचं तापमान बहुतेक सीलबंद कूलर, म्हणजे आत पाणी भरूनच विकत मिळणारे तयार संच, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवतात. स्वतः जोडलेल्या लूपमध्ये 10 किलोओहमचा सेन्सर असलेला प्लग बसवता येतो. मग एकच ठरावीक काम चालू ठेवा, उदाहरणार्थ तोच व्हिडिओ, त्याच सेटिंगवर, आणि निदान अर्धा तास थांबा. अर्धा तास का, ते साध्या गणितात आहे. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4,200 ज्यूल लागतात. 200 वॉटचा प्रोसेसर ते 21 सेकंदांत देतो, पण रेडिएटर दुसऱ्या बाजूने उष्णता काढत असतो, त्यामुळे पाणी हळूहळू चढत चढत एका जागी स्थिर होतं. पाच मिनिटांत घेतलेलं माप खोटं बोलतं.

240 मिलिमीटरच्या रेडिएटरवर 150 वॉटचा भार असेल आणि सगळं स्वच्छ असेल, तर पाणी खोलीपेक्षा साधारण 8 ते 12 अंश वर राहतं. दुसरा फरक प्रोसेसरनुसार खूप बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या मशीनशी तुलना करू नका. आपलं मशीन स्वच्छ असताना दोन्ही फरक मोजा आणि कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून पट्टी चिकटवून तारखेसह लिहून ठेवा. पुढची सगळी निदानं याच दोन आकड्यांवरून करायची आहेत.

कापूस, सोयाबीन आणि जाळी

आपल्या भागातला कचरा शहरी धुळीसारखा नसतो. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची मळणी सुरू होते, तेव्हा थ्रेशरचा बारीक भुसा हवेत असतो. मग कापूस. भाव वाढेल या आशेने लोक कापूस घरातच भरून ठेवतात, कधी कंप्युटरच्याच खोलीत. भंडारा-गोंदियाकडे धानाचा कोंडा, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची काळी पूड. या सगळ्यांत लिक्विड कूलिंगचा सगळ्यात मोठा वैरी कापसाचा तंतू.

त्याचं कारण मापात आहे. आपल्याकडच्या कापसाचा धागा 28-30 मिलिमीटर लांब असतो. सीलबंद कूलरच्या रेडिएटरमध्ये एका इंचात साधारण 20 पत्त्या (जाळीतले धातूचे पातळ पापुद्रे) असतात, म्हणजे दोन पत्त्यांमधली फट जेमतेम सव्वा मिलिमीटर. धूळ असती तर ती त्या फटीतून निघून गेली असती. तंतू मात्र आडवा पडतो, दहा-बारा फटींवर पसरतो, त्याच्यात दुसरा गुंततो, मग त्यावर भुसा बसतो. एका हंगामात रेडिएटरच्या तोंडावर नमद्यासारखा राखाडी थर तयार होतो. नखाने एका कोपऱ्यातून उचलला तर अख्खा तुकडा एका झटक्यात सुटून येतो आणि त्याच्या मागच्या बाजूला पत्त्यांच्या रेघा उमटलेल्या दिसतात.

आणि हा थर बाहेरून दिसत नाही. पंखा हवा ढकलत असेल तर कचरा पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या जागेत साचतो. पंख्यातून टॉर्च मारून पाहिलं की पाती स्वच्छ दिसतात आणि माणूस म्हणतो जाळी साफ आहे. पंखा खोलल्याशिवाय जाळी साफ आहे असं कधीच म्हणू नका.

सफाईच्या वेळी मशीन बंद करून वायर काढा, कॅबिनेट ओसरीत आणा. पंख्यांचे स्क्रू काढताना कोणता स्क्रू कुठला हे वेगळं ठेवा, कारण इथे एक चूक महागात पडते. 25 मिलिमीटर जाडीच्या पंख्यातून रेडिएटरला लागणारा स्क्रू 30 मिलिमीटरचा असतो. रेडिएटर थेट पत्र्याला लावायचा स्क्रू 5-6 मिलिमीटरचा. लांब स्क्रू चुकून पत्र्यातून थेट रेडिएटरमध्ये गेला तर तो पाण्याच्या नळीत घुसतो आणि रेडिएटर तिथेच संपतो. बहुतेकांना एम-3 मापाचे आटे असतात, काहींना 6-32 मापाचे. स्क्रू बोटाने सहज फिरत नसेल तर पेचकसाने जबरदस्ती करू नका.

थर आधी हाताने किंवा चिमट्याने उचला. हवा मारून तो आत ढकलला तर पत्त्यांच्या मधोमध जाऊन बसतो आणि मग निघत नाही. वरचा थर गेल्यावर हवा मारा, तीही नेहमीच्या हवेच्या उलट दिशेने, म्हणजे कचरा जिथून आला तिथूनच बाहेर पडेल. सुताराकडे असतो तो विजेचा ब्लोअर उत्तम. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर तीन गोष्टी सांभाळा. ट्रकच्या टायरचं प्रेशर 100 पीएसआयच्या वर असतं, ते 30 पर्यंत खाली आणायला सांगा. नळी फूटभर लांब धरा, नाही तर पत्त्या मुडपतात. आणि आधी हवा जमिनीवर सोडून पाहा, टाकीतलं पाणी आणि तेल पहिल्या फटक्यात बाहेर येतं. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा त्याच्या वेगापेक्षा जास्त फिरला की बेअरिंगचा नाश होतो. मोटर त्या वेळी उलट वीज तयार करते, म्हणून पंख्याची पिन मदरबोर्डातून काढलेली असावी.

ब्रश फिरवायचा तर पत्त्यांच्या लांबीने, आडवा कधीच नाही. मुडपलेली पत्ती जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने हळूच सरळ होते.

घरात कापूस असेल तर हवा आत जाते त्या बाजूला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा. तंतू तिच्यावर अडकतात आणि आठवड्याला एकदा ओल्या फडक्याने पुसलं की झालं. लेडीज स्टॉकिंगचं किंवा साडीच्या अस्तराचं कापड फार दाट, त्यातून हवाच जात नाही. आणि नवीन रेडिएटर घेणार असाल तर इंचाला 10-12 पत्त्यांचा घ्या. फट दोन मिलिमीटरच्या वर मिळते. कागदावर तो थोडा कमी ताकदीचा दिसेल, पण जानेवारीत, घर कापसाने भरलेलं असताना, तोच चालू राहतो.

दिवाळीनंतर एकदा, कापूस विकून घर रिकामं झाल्यावर एकदा आणि नवतपा लागायच्या आधी, म्हणजे 25 मेच्या आत, एकदा. एवढ्या तीन वेळा जाळी साफ झाली तर पहिला फरक वर्षभर जागेवर राहतो.

कूलरची हवा

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर खोली 8-10 अंशांनी सहज उतरवतो आणि तेवढंच पाणीही उतरतं. म्हणजे खोलीतला कूलर हा लिक्विड कूलिंगचा सगळ्यात मोठा मदतनीस आहे. पण त्याच्या झोतात मशीन ठेवू नका. ताट्यांवर पाणी जास्त पडत असेल तर पंखा बारीक थेंब उडवतो. बोअरवेलच्या पाण्याचे ते थेंब वाळले की बोर्डावर आणि रेडिएटरवर पांढरं मीठ राहतं. कूलरपासून पाच-सहा फूट, झोताच्या बाजूला मशीन ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर दमटपणा वाढत जातो आणि कूलरचा परिणामही संपतो.

नळ्यांवर दव जमेल ही भीती मात्र सोडून द्या. लूपमधलं पाणी नेहमी खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. श्रावणातल्या झडीतसुद्धा नाही.

कोणतं पाणी

कूलरच्या ताट्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या पडून कडक होतात हे विदर्भात कोणालाच सांगायला नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठाने, तर विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, अनेक ठिकाणी हजाराच्या वर असतो. ते पाणी लूपमध्ये घालायचं नाही हे सगळ्यांना पटतं. आरओचं पाणी मात्र बरेच जण घालतात, आणि ते बरोबर नाही. आरओमधून निघालेल्या पाण्यातही टीडीएस 30 ते 100 असतो.

क्षार बसणं हा त्यातला अर्धाच भाग. टीडीएस 500 चं 1 लिटर पाणी घेतलं तर त्यात अर्धा ग्रॅम क्षार. ताट्यांवर रोज नवीन पाणी येतं आणि उडून जातं म्हणून थर वाढत राहतो. बंद लूपमध्ये तो अर्धा ग्रॅम एकदाच येतो, पण ब्लॉकमधली फट 0.2 ते 0.4 मिलिमीटरची असते आणि सगळ्यात गरम जागा तीच, म्हणून तो तिथेच बसतो. त्याहून वाईट म्हणजे क्लोराइड. ते तांब्याला आणि निकेलच्या मुलाम्याला टोचल्यासारखे खड्डे पाडतं, आणि ते नुकसान धुऊन जात नाही.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड हवं. गावात ते मिळतं, इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी म्हणून, 1 आणि 5 लिटरच्या कॅनमध्ये. घेताना टीडीएस मीटर सोबत न्या. 0 ते 5 दिसलं तर घ्या, त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या दुकानात जा. इथे एक सावधगिरी मनापासून सांगावीशी वाटते. त्याच दुकानात, तशाच पांढऱ्या कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं. दुकानदाराला ‘बॅटरीत टाकायचं’ एवढंच सांगू नका, ‘टॉपिंगचं पाणी’ म्हणा, लेबल स्वतः वाचा, आणि सुटं, बिनलेबलाचं काही घेऊ नका.

नुसतं डिस्टिल्ड पाणी पुरत नाही. त्यात गंजरोधक आणि जंतुनाशक लागतं. कंप्युटरसाठी तयार मिळणारं कूलंट किंवा त्याचा अर्क घ्या आणि बाटलीवरच्या प्रमाणातच मिसळा. अर्क कमी टाकून बचत करू नका. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, आणि ते पुरेशा प्रमाणात असलं तरच जंतूंना रोखतं. थोडंसंच असेल तर उलट त्यांना खाद्य होतं.

संत्र्याच्या बागा असलेल्या भागात मोरचूद घरातच असतं. बोर्डो मिश्रण करतो तसा चिमूटभर मोरचूद शेवाळासाठी टाकावा, असं सुचणं साहजिक आहे, कारण तांब्याचे क्षार शेवाळ मारतात हे खरंच. तरी टाकू नका. शेतीचा मोरचूद शुद्ध नसतो, तो पाणी आंबट करतो, आणि लूपमध्ये कुठे ॲल्युमिनियम असेल तर ते त्याला खाऊन टाकतं. लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात ठेवला की लाल होतो, हा शाळेतला प्रयोग आठवा. ॲल्युमिनियमचंही तेच होतं.

ॲल्युमिनियमवरून आठवलं. स्वस्तात मिळणाऱ्या सेटमध्ये रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक तांब्याचा असतो. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की त्यांचा जणू सेल तयार होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. तळाला राखाडी चिखल साचतो. स्वतः लूप जोडत असाल तर रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या. सीलबंद कूलरमध्ये मात्र ही जोडी सर्रास असते, तिथे आतल्या द्रवातलं गंजरोधक ते सांभाळतं. म्हणूनच सीलबंद कूलरमध्ये साधं पाणी भरणं घातक.

नळीच्या बाबतीत आपल्या उन्हाळ्यासाठी एकच शिफारस, काळी ईपीडीएम रबराची मऊ नळी. पारदर्शक पीव्हीसी नळी दिसायला छान, पण तिच्यातलं मऊपणा देणारं रसायन पाण्यात उतरतं आणि ब्लॉकमध्ये पांढरा चिकट थर होऊन बसतं. पाणी जितकं गरम, तितकं हे लवकर. पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी 60 अंशांच्या आसपास नरम पडायला लागते. खोली 42 असताना पाणी 54-55 वर असतं, म्हणजे फारसं अंतर उरत नाही. कडक नळीच हवी असेल तर ॲक्रिलिक घ्या. काळ्या नळीत उजेडही जात नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही. लूपमधल्या पाण्याची टाकी पारदर्शक असेल तर खिडकीचं ऊन तिच्यावर येणार नाही अशी जागा बघा.

लूप उघडल्यावर

स्वतः जोडलेला लूप वर्षातून एकदा रिकामा करावा. तयार कूलंटच्या बाटलीवर जास्त मुदत लिहिलेली असली तरी आपल्या तापमानाला वर्ष पुरे. जाळी साफ करूनही, पेस्ट बदलूनही दुसरा फरक उतरत नसेल तर आधीच उघडा.

किती पाणी लागेल त्याचा अंदाज आधी घ्या. 10 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरला 78 मिलिलिटर मावतं. 240 चा रेडिएटर दीडशे-दोनशे, टाकी दोनशेच्या आसपास. एकूण 600 ते 1,000 मिलिलिटर. धुण्यासाठी त्याच्या तिप्पट धरा, म्हणजे 5 लिटरचा एक कॅन आणा.

सगळ्यात खालचं फिटिंग सोडून पाणी बाटलीत घ्या, खालच्या भागांवर जुने वर्तमानपत्र पसरा. बाहेर आलेल्या पाण्याचा रंग आणि वास नीट पाहा. मग ब्लॉक उघडा. उघडण्याआधी फोटो काढा, कारण आतली पाणी फवारणारी पातळ पट्टी उलटी बसली तर ब्लॉक चालतो पण नीट गार करत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा.

आत काय दिसतं त्यावरून पुढचं ठरतं. पांढरा, बोटाला लोण्यासारखा लागणारा थर म्हणजे नळीचं रसायन, तर नळी बदला. हिरवा बुळबुळीत आणि वास मारणारा म्हणजे शेवाळ किंवा जंतू, म्हणजे जंतुनाशक कमी पडलं. निळसर-हिरवी पूड घट्ट बसलेली असेल तर तांबं गंजतंय. पांढरा कडक खर असेल तर पाणी चुकीचं होतं. काळपट झालेलं तांबं हा साधा ऑक्साइड, त्याची चिंता नको. आणि चंदेरी पापुद्रे सुटून खाली तांबं दिसत असेल तर निकेलचा मुलामा गेला. तो ब्लॉक चालेल, पण पापुद्रे सगळे काढून टाकावे लागतील.

साफ करायला एक चहाचा चमचा लिंबूफूल पाव लिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, तांब्याचा तळ त्यात दहा मिनिटं ठेवा आणि मऊ टूथब्रश फटींच्या दिशेने फिरवा. तांब्याचे गडवे आपण चिंचेने, लिंबू-मिठाने घासतो, तेच शास्त्र. पण इथे मीठ नको, त्यातलं क्लोराइड नको म्हणून, आणि चिंचही नको, तिचा चोथा फटीत अडकतो. भांडी घासायची पावडर तर अजिबात नको, तिची रेती कधीच पूर्ण निघत नाही. सुई, टाचणी फटीत घालू नका. निकेलच्या ब्लॉकला आंबट काही लावूच नका, साबणाचा एक थेंब आणि ब्रश पुरे.

रेडिएटर आतून धुवायचा तर कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धं भरून, तोंडं बंद करून जोरात हलवा आणि पांढऱ्या कपड्यातून गाळून ओता. नवीन रेडिएटरमधून झाळणीचे बारीक गोळे निघतात, ते याच कपड्यावर दिसतात. कपडा स्वच्छ राहीपर्यंत करा, साधारण तीन-चार वेळा.

ॲक्रिलिकच्या टाकीला आणि ब्लॉकच्या ॲक्रिलिक झाकणाला स्पिरिट, आयसोप्रोपिल किंवा सॅनिटायझर लावू नका. लगेच काही दिसत नाही, पण आट्यांच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि काही दिवसांनी तिथूनच गळती लागते. स्पिरिट फक्त प्रोसेसरच्या आणि ब्लॉकच्या तांब्याच्या बाजूची पेस्ट पुसायला.

ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, चपटी झाली असेल, नखाने दाबल्यावर खूण राहत असेल तर बदला. घातलेली ओ-रिंग नखभर सिलिकॉन ग्रीसने ओली करा. व्हॅसलीन नको. ईपीडीएमची ओ-रिंग पेट्रोलियमने फुगते.

काढलेलं जुनं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवू नका. काहींमध्ये, आणि गाडीच्या बहुतेक कूलंटमध्ये, एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जिवाला घातक. लेकरू किंवा कुत्रं ते पिऊ शकतं. नालीत किंवा गुरांच्या टाक्याजवळ ओतू नका. मूळ कॅनमध्येच, ‘विष’ असं मोठ्या अक्षरात लिहून, हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा आणि गाडीच्या गॅरेजवाल्याकडे जुन्या कूलंटसोबत द्या.

भरताना

डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही म्हणून गळलं तरी काही होत नाही, हा समज धोक्याचा आहे. लूपमध्ये फिरल्यावर ते धातूचे कण घेतं आणि बोर्डावरची धूळही त्यात विरघळते. त्यामुळे गळती तपासल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

हातपंप आणि गेज असलेला एअर टेस्टर असेल तर लूपमध्ये 0.5 बार हवा भरा आणि अर्धा तास काटा पाहा. सायकलच्या पंपाने अंदाजे हवा भरू नका, टाकी फुटते. मग पाणी. बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, सगळ्यांच्या पॉवरच्या पिना काढा, फक्त पंप एसएमपीएसला (कंप्युटरला वीज पुरवणारा डबा) जोडलेला ठेवा आणि 24 पिनच्या जोडाला बाजारात मिळतो तो जम्पर लावा. टाकी भरा, पंप 5-10 सेकंद चालवून बंद करा, टाकी पुन्हा भरा. पंपाचं बेअरिंग पाण्यावरच तरंगत फिरतं, कोरडं फिरलं तर मिनिटभरात घासून जातं. पाणी खाली जाणं थांबलं की कॅबिनेट चारही बाजूंना हळूहळू कलवा, रेडिएटरमध्ये अडकलेली हवा गुडगुड करत टाकीत येईल. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पंप रात्रभर चालू द्या. सकाळी प्रत्येक कागद बोटाने दाबून पाहा. डोळ्याला ओल दिसत नाही, बोटाला लागते.

टाकी काठोकाठ भरू नका. 20 अंशांचं पाणी 50 अंशांना पोचलं की सुमारे 1 टक्का फुगतं, म्हणजे लिटरमागे 10 मिलिलिटर. वर दोन बोटं हवा राहू द्या.

पंप बोर्डावर पंपाच्याच पिनेला लावा आणि वेग कायम ठेवा, तापमानानुसार कमी-जास्त करू नका. पंख्यांचा वेग मात्र पाण्याच्या तापमानाला बांधा, प्रोसेसरच्या नाही. हिवाळ्यात 40 अंशांवर पंखे पूर्ण वेगाने असे ठरवलेले असतील, तर मेमध्ये काही न करताही पाणी 43 असतं आणि पंखे दिवसभर ओरडतात. उन्हाळ्यासाठी वेगळा प्रोफाइल करा, 45 पासून सुरू आणि 55 ला पूर्ण. पाणी 60 ला पोचलं तर मशीन आपोआप बंद व्हावं अशी सेटिंग करा. बहुतेक पंपांची मर्यादा तीच आहे.

लाइन गेली की पंप आणि प्रोसेसर एकदमच बंद होतात, त्यामुळे लूपला त्याने इजा होत नाही.

सीलबंद कूलर

ऑल-इन-वन कूलरमध्ये आतलं पाणी बदलायची सोय बहुधा नसते. निगा म्हणजे जाळी, पंखे आणि दोन-तीन वर्षांनी पेस्ट. आतलं पाणी नळीच्या रबरातून कणाकणाने उडतं, आपल्या उन्हाळ्यात जरा लवकर. पाच-सहा वर्षं झाली की पाळत ठेवा. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं गुडगुड, पंपाचा बारीक करकर आवाज आणि दुसऱ्या फरकात वाढ ही तीन लक्षणं एकत्र आली तर त्याचं आयुष्य संपलं. काढून कानाजवळ हलवला की आत पाणी हिंदकळताना ऐकू येतं.

त्याआधी बसवण्याची जागा तपासा. पंप सगळ्यात उंच असेल तर आतली हवा पंपातच जमते आणि चांगला कूलरही खराब वाटतो. रेडिएटर वर असेल तर उत्तम. समोर उभा लावला असेल तर नळ्या खालच्या टोकाला असाव्या आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच.

नवा कूलर, पंप किंवा फिटिंग तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं आणि तोवर आठ दिवस जातात. लगीनसराईत आठ दिवस परवडत नाहीत. म्हणून प्रोसेसरला बसणारा एक साधा हवेचा टॉवर कूलर, त्याचा ब्रॅकेट, पेस्टची छोटी ट्यूब आणि चार ओ-रिंगा एका पिशवीत घालून कॅबिनेटच्या शेजारीच ठेवा. पंप बसला तर अर्ध्या तासात तो लावून रेंडर पुन्हा सुरू होतो, वेग थोडा उतरवून.